शिधा, खानावळ, हॉटेल : सीमाभागात बाहेरचं जेवण कसं रुळलं

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी, गोकाक या पट्ट्यात कुठल्याही स्टँडबाहेर खानावळीची पाटी दिसते, बहुतेक ठिकाणी कन्नड आणि मराठी दोन्हीत. ती इतकी सवयीची झाली आहे की ती कायमच तिथं होती असं वाटतं. पण पैसे मोजून परक्याच्या हातची भाकरी-आमटी खाणं इथं रुळलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी माणूस घराबाहेर जेवायचाच, फक्त वेगळ्या रीतीनं.

तयार अन्न विकणं मुळात जुनंच. इ. स. 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पोम्पेईत रस्त्यालगतच्या दुकानांच्या ओट्यांत रांजण बसवलेले सापडले, त्यांतून खाद्यपदार्थ विकले जात. चीनमधल्या काइफेंग शहरात बाराव्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठी भोजनगृहं चालत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही शिजवलेला भात आणि शिजवलेलं मांस विकणारे येतात. पॅरिसमध्ये 1760 च्या दशकात जे सुरू झालं त्यातली नवी गोष्ट अन्न नव्हती, मांडणी होती : स्वतःचं वेगळं टेबल, आपल्याला हवी ती वेळ, आणि किमती लिहिलेल्या यादीतून निवड.

आपल्याकडे अडसर होता तो खरकट्याचा आणि सोवळ्या-ओवळ्याचा. पाण्यात शिजलेलं ते खरकटं : भात, भाकरी, आमटी. ते कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, हे जातीनं ठरलेलं. तुपा-तेलात तळलेलं, दुधात आटवलेलं, कोरडं भाजलेलं मात्र बरंच सैल. म्हणून बाजारात आधी आले हलवाई आणि भडभुंजे, भाताची पंगत फार उशिरा आली. आजही या भागाची नावाजलेली चीज बघा : बेळगावचा कुंदा म्हणजे आटवलेलं दूध आणि साखर, गोकाकचा करदंट म्हणजे गूळ, डिंक आणि सुका मेवा. दोन्ही टिकाऊ, दोन्ही खरकट्याच्या कक्षेबाहेर. आमच्या मते हा योगायोग नाही.

मग प्रवासी जेवायचा काय? दोन दिवसांची शिदोरी बांधून निघायचा, ती संपली की धर्मशाळेत उतरून वाण्याकडून शिधा घ्यायचा आणि तीन दगडांवर स्वतः शिजवायचा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जत्रेत लोक अजूनही चुली मांडतात, ती हीच पद्धत. दुसरी सोय मठांची. लिंगायत मठांतला दासोह म्हणजे येईल त्याला जेवण, मोल न घेता. मोठ्या पंगतीचा स्वयंपाक कसा उरकायचा याचं ज्ञान या भागात आधी मठांत आणि लग्नघरांतल्या आचाऱ्यांकडे साठलं. खानावळीनं पुढं ते उचललं.

खानावळीला गिऱ्हाईक मिळालं ते नोकरीमुळं. बेळगावात छावणी आली, मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाच्या कचेऱ्या आल्या. सदर्न मराठा रेल्वे कंपनी 1882 ची, तिच्या गाड्या त्याच दशकात या भागात धावू लागल्या. गोकाकला धबधब्याजवळ सूतगिरणी उभी राहिली. पुढं 1933 मध्ये लिंगराज कॉलेज निघालं आणि खेड्यांतली पोरं शहरात खोल्या करून राहू लागली. कारकून, गिरणीकामगार, वकिलाकडं आलेला पक्षकार, विद्यार्थी : चूल गावाकडं आणि पोट इथं, अशी ही माणसं. त्यांना चैन नको होती, रोज दोन वेळचं ताट हवं होतं.

या ताटाचं गणित नीट समजून घेण्यासारखं आहे. चाळीस मेंबरांच्या एका वेळेला माणशी दोन भाकरी धरल्या तर साडेसहा किलो जोंधळ्याचं पीठ लागतं. भाकरीनंतरचा भात माणशी पाऊण वाटीच्या आत, म्हणजे तीन किलो तांदूळ. पातळ आमटीला सव्वा किलो तूरडाळ, भाजी साडेचार किलोच्या आसपास. निवड नाही, म्हणून नासाडी नाही. ताट स्वस्त पडतं ते यामुळंच. मेंबर महिन्याचे पैसे आगाऊ भरतो, त्या पैशावर पंधरवड्याचं धान्य एकदम घेतलं जातं. गावी जाणार असाल तर खाडा आदल्या दिवशी सांगायचा. बहुतेक ठिकाणी सलग दोन-तीन दिवसांचेच खाडे वजा होतात, एका वेळेचा खाडा कुणी धरत नाही, कारण त्या वेळेची तयारी तोवर झालेली असते. खाडे सैल सोडले की खानावळ बुडते. चालवणारी अक्का कितीही प्रेमळ असली तरी वहीच्या बाबतीत कडक राहते ती म्हणूनच.

आता भाकरी, कारण खानावळीचा सगळा भार तिच्यावर. जोंधळ्यात गव्हासारखा चिकटपणा नाही. तो आणावा लागतो उकळत्या पाण्यानं : किलोभर पिठाला पाऊण ते एक लिटर पाणी, त्यातलं निम्मं खळखळ उकळतं. आधी उकळतं घालून उलथन्यानं कालवायचं, दहा मिनिटं झाकायचं, मग उरलेलं कोमट पाणी लागेल तसं घेत तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं. रब्बीचा शाळू असेल आणि पीठ आठवड्याच्या आतलं असेल तर भाकरी परातीत सरसर फिरते. जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, कडा फाटतात. गोळा सगळा एकदम मळून ठेवला तरी तेच होतं, दोन-तीन भाकरींपुरतंच मळायचं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा तो लगेच. पाणी पूर्ण सुकल्यावर उलटली तर भाकरीला चिरा पडतात, फार ओली उलटली तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू भाजली की थेट निखाऱ्यांवर, तिथं पापुद्रा सुटतो.

कडक भाकरी याहून पातळ : एकीला साठेक ग्रॅम पीठ, वर पांढरे तीळ, एका किलोत पंधरा-सोळा. भाजून झाल्यावर चुलीच्या कडेला उभ्या टेकवून वाळवायच्या. आत ओल राहिली की बुरशी धरते, नीट वाळली तर कित्येक दिवस टिकते. पावसाळ्यात ती सादळते, तेव्हा वाढण्याआधी कोरड्या तव्यावर मिनिटभर शेकायची. खानावळीला हिचा मोठा आधार आहे. आगाऊ करून ठेवता येते, घराघरांतल्या बायकांकडून शेकड्यावर विकत घेता येते, आणि अचानक दहा माणसं वाढली तरी ताट अडत नाही. जोडीला शेंगा चटणी : पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजून सोलायचे, बारा-पंधरा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरं, मीठ, आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची. मिक्सर सलग फिरवला तर दाणे तापून लगदा होतो, म्हणून थांबत थांबत फिरवावा.

खानावळीच्या पाट्यांवर जात लिहिलेली असे. लिंगायत खानावळ म्हणजे शाकाहारी, सावजी म्हणजे झणझणीत मटण, ही आजही गिऱ्हाइकाला मिळणारी माहिती आहे. पण त्याच पाटीनं कुणाला आत घ्यायचं हेही ठरायचं. दलितांना दाराबाहेर बसवणं, त्यांची कपबशी वेगळी ठेवणं आणि ती त्यांनाच धुवायला लावणं हे गावोगाव चाललं. संविधानानं 1950 मध्ये कलम 15 च्या दुसऱ्या भागात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख केला, आणि 1955 च्या अस्पृश्यता कायद्यानं तिथली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरवला. बाहेरच्या जेवणाच्या शतकानुशतकांच्या वाटचालीत आम्हाला सगळ्यात मोठा बदल वाटतो तो हाच. पदार्थ येतात-जातात. शेजारी कोण बसू शकतो हा प्रश्न त्याहून मोठा, आणि वेगळ्या कपाची चाल कायद्यानंतरही बरीच वर्षं मागं रेंगाळली.

उडुपी हॉटेलानं जेवणाऐवजी नाष्टा विकला. आत या, बशीभर खा, दहा मिनिटांत टेबल मोकळं करा. ना मेंबर, ना खाडा. एकाच पिठातून इडली, डोसा, उत्तप्पा निघतो, त्यामुळं भांडवल थोडं लागतं. बेळगावच्या थंडीत मात्र हे पीठ सतावतं. उन्हाळ्यात आठ तासांत फुगणारं पीठ डिसेंबरात चौदा-सोळा तास घेतं. आचारी ते भट्टीच्या उबेला ठेवतात आणि मीठ सकाळी घालतात. घाईनं सोडा टाकला तर इडली फुगते खरी, पण पिवळट दिसते आणि तोंडाला साबणासारखी लागते.

पुणे-बंगळूर महामार्ग रुंद झाला, गावांना बाह्यवळणं मिळाली, तसे निपाणी-संकेश्वरकडचे धाबे रस्त्याला लागले. तिथं रोटी आणि पनीर आलं, आणि खानावळीचं ताट 'उत्तर कर्नाटक थाळी' म्हणून मेनूकार्डावर चढलं.

त्या थाळीत आता पुष्कळदा यंत्रावरची भाकरी असते. काही ठिकाणी ती तुटू नये म्हणून गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळतात. ओळखायची तर कड बघा : हातानं थापलेली कडेला पातळ असते आणि तिच्यावर बोटांचे ठसे दिसतात, यंत्राची सगळीकडे सारखी जाड. मग तुकडा मोडा. निव्वळ जोंधळ्याची चटकन तुटते आणि आमटीत लगेच विरघळते. मिसळलेल्या पिठाची ताणली जाते आणि आमटीत पडली तरी चिवट राहते. शंका आली तर सरळ विचारावं, शाळूची आहे का आणि पीठ कधी दळलं. चांगल्या खानावळीत या प्रश्नाचा राग येत नाही, उलट ताटात आणखी एक भाकरी पडते.