होलबोशला जाताना आधी कालनिर्णय बघा

आमच्या ह्यूस्टनच्या घरात फ्रिजवर कालनिर्णय लटकलेलं असतं. दरवर्षी आई येताना आणते. या वेळी मेक्सिकोची तिकिटं मी त्यातली अमावस्या बघून काढली. आईला वाटलं, पोरगी परदेशात राहून सुधारली. खरं कारण वेगळं होतं. होलबोश नावाच्या बेटावर उन्हाळ्यात रात्री समुद्राचं पाणी चमकतं आणि ते चंद्र नसताना दिसतं. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर पैसे पाण्यात, शब्दशः.

योगायोगानं ती आषाढी अमावस्या निघाली. बाबांनी तारीख बघितली आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे गटारी. मासे मिळतात ना तिथे?"

कॅनकूनचं नाव सगळ्यांना माहीत असतं. तिथली उंच हॉटेलं, मनगटावर पट्टा बांधून दिवसभर खा-प्या, हे ज्यांना हवं त्यांनी खुशाल जावं. आम्हाला आई-बाबांना घेऊन चार दिवस नुसतं पसरायचं होतं. होलबोश त्याच राज्यात, किंताना रोच्या उत्तर टोकाला आहे. लांबीला साधारण चाळीस किलोमीटर आणि रुंदीला जेमतेम दोन, पण वस्ती एका तुकड्यातच. नाव लिहितात होलबॉक्स, बोलताना 'ओलबोश'. माया भाषेत त्याचा अर्थ काळा खड्डा. या नावाचा अनुभव आम्हाला लवकरच यायचा होता.

आधी व्हिसाचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त फोन त्यासाठीच येतात. भारतीय पासपोर्ट असला तरी त्यावर मुदत न संपलेला अमेरिकन व्हिसा असेल, तर फिरायला जाण्यासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. ग्रीनकार्डवाल्यांनाही लागत नाही. आई-बाबांच्या दहा वर्षांच्या व्हिजिटर व्हिसावर काम झालं. परत अमेरिकेत शिरायचं आहे, त्यामुळे तो व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, तेही बघून घ्या. एवढं सगळं नीट असूनही विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीनं बाबांचा पासपोर्ट उलटसुलट करत "मेक्सिकन व्हिसा कुठाय?" विचारलंच. मेक्सिकन सरकारच्या संकेतस्थळावरचा नियम छापून नेला होता, तो पुढे केला. तिनं कुणाला तरी फोन केला, आणि वीस मिनिटांनी बोर्डिंग पास हातात आले. तेव्हा कागद छापून न्या. फोनमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

कॅनकून विमानतळापासून चिकिला नावाच्या धक्क्यापर्यंत दोन-अडीच तास लागतात. बस जाते, सामायिक व्हॅन जाते, किंवा भाड्याची गाडी घेऊन चिकिलात पैसे देऊन उभी करता येते. बेटावर पर्यटकांच्या गाड्या नाहीत. आम्ही गाडी घेतली. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना जंगल, पण प्रत्येक गावात शिरताना आणि निघताना स्पीडब्रेकर. तिथे त्यांना 'तोपे' म्हणतात. काही तोप्यांवर रंगही नसतो. पहिल्याच तोप्यावर मागच्या सीटवरून "अरे देवा!" ऐकू आलं, त्यानंतर नवरा मुंबई-गोवा रस्त्यावर असल्यासारखा चालवायला लागला.

धक्क्यावरून बोटीनं वीस-पंचवीस मिनिटं. दिवसभर बोटी असतात, रात्री उशिरा नसतात. म्हणून संध्याकाळी उशिरा उतरणारं विमान घेऊ नका, घेतलं तर ती रात्र कॅनकूनमध्येच काढा.

बेटावर डांबर दिसत नाही. रस्ते वाळूचे, वाहन म्हणजे गोल्फ कार्ट. टॅक्सीसुद्धा कार्टच. आम्ही पोचलो त्याच्या आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता आणि चौकाच्या पलीकडे रस्त्याच्या जागी तळी होती, ताकात माती कालवावी तशा रंगाची. आम्ही हौसेनं कार्ट भाड्यानं घेतली आणि तिसऱ्या तळ्यात रुतवली. नवऱ्यानं पेडल दाबलं तसं चाक आणखी खाली. मी स्पॅनिशमधलं 'मदत' आठवत होते. तेवढ्यात बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरले, बाजूच्या माडाखाली पडलेल्या दोन झावळ्या ओढत आणल्या, मागच्या चाकांखाली आडव्या सरकवल्या आणि म्हणाले, "आता हळू दे. गुहागरला जीप अशीच काढायचो." कार्ट निघाली. समोरच्या किराणा दुकानातला म्हातारा मान हलवत हसत होता. तर पावसाळ्यात, म्हणजे जून ते ऑक्टोबर, बंद बूट घरीच ठेवा. रबरी सपाता, त्यासुद्धा पट्टा असलेल्या. आणि कार्ट घ्यायची का? गाव पायी फिरण्याइतकंच आहे. वयस्कर माणसं सोबत असतील तर एखादा दिवस घ्या, नाहीतर सायकल पुरते.

पैशांबद्दल एक गंमत. मेक्सिकोत पेसोलाही डॉलरचंच चिन्ह वापरतात. पहिल्या जेवणाला बाबांनी मेनूकार्ड उघडलं, तळलेल्या माशापुढे त्या चिन्हासकट 280 आकडा वाचला आणि कार्ड मिटून "मला भूक नाही" म्हणाले. पेसो आहेत म्हटल्यावर भूक परत आली. रोख पेसो मात्र मुख्य भूमीवरूनच काढून आणा. बेटावर एटीएम मोजकी, आणि शनिवार-रविवारी त्यांतली रोकड संपलेली असू शकते. आम्ही गेलो तेव्हा एकापुढे रांग होती आणि दुसऱ्यात वीज नव्हती. कार्ड चाललं तर मशीन विचारतं, डॉलरमध्ये घेऊ की पेसोत? कायम पेसो म्हणायचं. डॉलर म्हणालात की ते त्यांच्या भावानं बदलतात.

विजेचं निघालंच आहे तर, ती जाते. दुसऱ्या दुपारी दोन तास गेली. आईनं "लोडशेडिंग" एवढंच म्हणून ओढणीनं वारा घेतला आणि व्हरांड्यातल्या झुल्यात झोपली. नळाचं पाणी प्यायचं नाही, हॉटेलात मोठा जार ठेवलेला असतो. टॉयलेटमध्ये कागद टाकायचा नसतो, शेजारी डबा असतो. छोट्या बेटाची गटारव्यवस्था तेवढीच पेलते.

आता समुद्र. लाटा नाहीतच म्हटलं तरी चालेल. पाणी इतकं उथळ की बाबा शंभर पावलं आत गेले तरी गुडघाभरच. आईला पोहता येत नाही. आयुष्यभर गुहागरच्या किनाऱ्यावर राहून ती घोट्याच्या वर पाण्यात गेलेली मी बघितलेली नव्हती. इथे ती मांडी घालून पाण्यात बसली. तास-दीड तास. ओहोटीच्या वेळी हळूहळू पूर्वेकडे चालत गेलं की वाळूचे दांडे लागतात, लांबवर पक्षी दिसतात, आम्हाला चार-पाच गुलाबी ठिपके दिसले ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. हा सगळा भाग 1994 पासून 'युम बालाम' संरक्षित क्षेत्रात येतो. पक्ष्यांसाठी जिथे पाट्या लावल्या आहेत तिथून मागे फिरायचं. फोटोसाठी पुढे घुसणारी माणसं तिथेही होती, आपल्याकडच्यासारखीच.

डास. त्यांच्याबद्दल जे वाचाल ते कमीच आहे. सूर्य मावळतानाचा एक तास आणि पाऊस पडून गेल्यानंतरची वेळ वाईट. किनाऱ्यावर बारीक चिलटंही असतात, ती चावलेली कळत नाहीत, रात्री खाज सुटते. आईनं आणलेलं ओडोमॉस चारही दिवस सगळ्यांनी थापलं.

व्हेल शार्क बघायला मी आणि नवराच गेलो. जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ते या भागात येतात. पहाटे निघून उघड्या समुद्रात दीड-दोन तास बोट आपटत जाते, तेव्हा मळमळीची गोळी निघण्याआधी घ्यायची, बोटीत बसल्यावर नाही. एका वेळी दोघं आणि सोबत एक गाइड, लाइफ जॅकेट घालून, हात न लावता. माझ्या खालून एसटीच्या गाडीएवढं ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी सरकत गेलं, मी श्वास घ्यायची विसरले आणि नळीतून खारं पाणी प्यायले. एवढंच बघितलं म्हणा ना. परतताना बोट काबो कातोचे या टोकापाशी थांबली. 1517 मध्ये स्पॅनिश लोक युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर आले ते इथे.

आम्ही नव्हतो तेव्हा आई-बाबांनी बाजार पालथा घातला होता. आईच्या पिशवीत चिकू. "अगं, इथेही चिकू आहेत!" मी म्हटलं, आई, इथेच आहेत, आपल्याकडे इथून आले. चिकू मूळ याच भागातला. त्याच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम करायचे, आणि आपण म्हणतो ते 'चिकू' हे नावसुद्धा इकडच्याच शब्दावरून आलेलं. पपई, पेरू, मिरची, सगळी तिकडचीच मंडळी. आईचा विश्वास बसला नाही. "घोलवडचे जास्त गोड," म्हणाली.

बाबांना तळलेला पार्गो दिला तर दोन घासांत निदान: "ही तांबोशी." दुसऱ्या दिवशी लाल मसाला लावून केळीच्या पानात भाजलेला मासा मिळाला, त्याला तिकिन शिक म्हणतात. तो खाताना ते काहीच बोलले नाहीत. टेबलावर वाटीत हिरवट चटणी येते, तिला हात लावताना जपून. हाबानेरो मिरची असते. नवरा कोल्हापूरचा, त्यानं अभिमानानं चमचाभर घेतली आणि पुढची दहा मिनिटं लिंबू चोखत बसला. मक्याची तोर्तिया आईला भाकरीसारखी वाटली पण वास वेगळा लागला. मका चुन्याच्या पाण्यात भिजवतात, त्याचा तो वास. शाकाहारी माणसांनी एक लक्षात ठेवावं: राजम्यासारख्या दिसणाऱ्या उसळीत, फ्रिहोलेसमध्ये, बऱ्याचदा डुकराची चरबी असते. 'सिन मान्तेका?' म्हणजे 'चरबीशिवाय?' असं विचारायचं. हे वाक्य मी सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं.

शेवटची रात्र अमावस्येची. पश्चिमेच्या टोकाला पुंता कोकोस आहे, तिथे दिवे नाहीत. त्वचेवर क्रीम किंवा डासांचं औषध लावून त्या पाण्यात उतरायचं नसतं, म्हणून सगळे पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, ओढण्या गुंडाळून, दरोडेखोरांसारखे गेलो. टॉर्च बंद. पहिली पाच मिनिटं काही नाही, नुसते डास. मग डोळे सरावले. नवऱ्यानं पाय टाकला तसा घोट्याभोवती निळसर भुगा उडाला. मी हात फिरवला, बोटांच्या मागे रेघा. मनगटावर आलेल्या थेंबात एक ठिणगी, ती विझली. एक मासा घाबरून पळाला, त्याची वाट पाण्यात क्षणभर आखलेली दिसली. फोनमध्ये यातलं काहीही येत नाही, मी प्रयत्न करून बघितलाय.

आई काठावर उभी होती. "आज दिव्यांची अवस. घरी असते तर सगळे दिवे घासून पाटावर मांडले असते," म्हणाली. मग साडी वर खोचून आत आली, वाकली, आणि ओंजळीत पाणी घेऊन परत परत सोडत राहिली. आम्ही कुणी काही बोललो नाही. डासांनी मात्र संधी सोडली नाही.

सकाळी बोटीनं चिकिला. धक्क्याजवळ एका बाईच्या टपरीवर तळलेले मासे, तोर्तिया आणि उसळीचं मोठं पातेलं. बाबांनी माशांकडे एकदा बघितलं, आईकडे बघितलं. श्रावण लागला होता. मग स्वतःच पुढे झाले आणि पातेल्याकडे बोट करून खणखणीत आवाजात म्हणाले, "सिन मान्तेका?"

बाईनं हसून मान हलवली. "कोन मान्तेका, सेन्योर."

विमानतळापर्यंत बाबा केळी आणि वेफर्सवर होते.