सातपुड्यात फोर-लो : यंदा सगळं उताराचं

गेल्या नोंदीत चढाचं पुराण लावलं होतं. यंदा बहुतेक सगळं उताराबद्दल आहे, कारण फाल्गुनातल्या या सातपुडा दौऱ्यात आमच्या म्होरक्यानं, म्हणजे आप्पांनी, तोच एक विषय लावून धरला. चढताना गाडी अडली तर फार फार तर लाज जाते, उतरताना सुटली तर गाडी जाते, हे त्यांचं गणित.

वाट थोडक्यात अशी : शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळ, तिथून धडगावच्या बाजूचे पाडे आणि शेवटी चांदसैली घाटानं तळोद्याकडे. मधला डांबरी रस्ता कुणालाही माहीत आहे, सात पायरी घाटाचे फोटोही सगळ्यांनी काढलेत. खरी मजा पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या बैलगाडीच्या वाटा आणि आटत आलेले नाले यांत होती. राखीव जंगलात वाट पाडायची नाही, गावकऱ्यांच्या वापरात असलेल्याच कच्च्या वाटेनं जायचं आणि शेताचा बांध चाकाखाली घ्यायचा नाही, हे निघायच्या आधीच ठरलं होतं. मला हा नियम मनापासून पटतो. ‘ट्रेल’ म्हणून आपण जिथे चाकं घालतो ती कुणाची तरी दवाखान्याला जायची वाट असते.

फाल्गुनच का, असं दरवेळी कुणीतरी विचारतं. पावसाळ्यानंतर गवत इतकं माजलेलं असतं की चाकाखाली काय आहे ते कळत नाही, आणि गवताचं बी रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतं ते वेगळंच. फाल्गुनापर्यंत साग पानं टाकून मोकळा होतो, वाट लांबून दिसते, नाल्यातले गोटे उघडे पडतात. पळस फुललेला असतो, पहाटे मोहाखाली बायकापोरं टोपल्या घेऊन फुलं वेचत असतात. चैत्र लागला की खानदेशचं ऊन कुणाला सोडत नाही.

ताफ्यात माझी डिझेल थार, दोन जिम्नी, एक गुरखा आणि सगळ्यांत म्हातारी एक जिप्सी. कागदावर बघाल तर थारचा जमिनीपासूनचा उठाव 226 मिलिमीटर आणि पुढचा अॅप्रोच अँगल, म्हणजे नाक न टेकता चढता येईल तो कोन, 41.8 अंश, जिम्नीचे हेच आकडे 210 आणि 36. आकड्यांवर गेलो तर मी पुढे असायला हवं होतं. प्रत्यक्षात अरुंद घळीत जिम्नी जशी अंग चोरून निघाली तशी माझी निघाली नाही. थारची रुंदी तिथे नडते.

आता तो उतार. सातपुड्याच्या या अंगाला मऊ मुरमाच्या उतारात मध्येच कठीण काळ्या दगडाचा आडवा पट्टा येतो. धुळे-नंदुरबार भागात अशा बेसॉल्टच्या भित्ती भरपूर आहेत, जुन्या लाव्हात भेगा पडून त्यात खालून नवा शिलारस घुसून थिजल्या तेव्हा झालेल्या. सपाटीवर त्या लांबवर गेलेल्या भिंतीसारख्या दिसतात. उतारावर चाकाखाली आल्या की त्यांची पायरी होते. मुरूम वाहून जातो, भित्त तशीच राहते. आमच्या वाटेवर अशी गुडघाभर पायरी होती, तिच्या वर भुसभुशीत मुरूम आणि खाली लगेच डावं वळण.

आप्पांनी आधी सगळ्यांना खाली उतरवून पायी चालायला लावलं. कुठला दगड हलतो, कुठला रुतलेला आहे, हे बुटानं लाथ मारून बघा म्हणाले. मग गाडीत बसून फोर-लो (चारही चाकांना जोर, वेग कमी आणि ओढ जास्त), पहिला गिअर, क्लचवरचा पाय पूर्ण बाजूला. हिल डिसेंट कंट्रोल बंद. त्यावर जरा कुरबूर झाली, पण त्यांचं म्हणणं असं की ते यंत्र ब्रेक मारून मारून गाडी धरतं, आधी इंजिनानं गाडी धरायला शिका, मग बटण दाबा.

पायरीच्या तोंडाशी पुढची चाकं आली की समोर फक्त बॉनेट आणि आकाश दिसतं. पाय आपसूक ब्रेककडे जातो. वॉकीटॉकीवर आप्पांचा आवाज : ‘ब्रेकवरना पाय काढ, भो. तिले उतरू दे.’ पाय काढला आणि खरंच, गाडी गुरगुरत, एकेक चाक टेकवत, चालत्या माणसापेक्षाही हळू उतरली. पुढचं उजवं चाक पायरीवरून सुटलं तेव्हा मागचं डावं क्षणभर हवेत होतं, ते खाली आलं आणि मुरमावर मागची बाजू किंचित सरकली. इथे ब्रेक मारला असता तर चाकं जाम होऊन गाडी आडवी झाली असती. उलट अंगठ्यानं दाबल्याइतका अॅक्सिलरेटर द्यायचा, चाकं फिरती ठेवायची, नाक उताराकडेच. अंगठ्यावरून आठवलं, ते स्टिअरिंगच्या आत गुंतवू नका. दगडावर चाक आपटून स्टिअरिंग उलटं फिरलं की अंगठा दुखावतो, आमच्यातल्या एकाचा तीन दिवस सुजलेला होता.

खाली वाट दाखवणारा एकच असावा, हेही तिथेच ठसलं. आपल्याकडे बघे जमले की चौघे चार दिशांनी हात हलवतात, ‘घे घे, अजून घे’ चालू होतं. आप्पांनी बाकीच्यांना सरळ हाताची घडी घालून उभं राहायला सांगितलं.

अर्धवट अडलेल्या चढावरून परत येणं हाही उतारच, आणि तो जास्त वाईट. इंजिन बंद पडलं की क्लच दाबायचा नाही. फूटब्रेक आणि हँडब्रेक घट्ट धरून मगच क्लच, रिव्हर्स गिअर, क्लच सोडून चावी फिरवायची आणि इंजिनाच्या जोरावर सरळ मागे यायचं. आता ही गाडी अशी चावीवर सुरू होते का, ते घरच्या सपाटीवर तपासून बघा. काही नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत. तेव्हा ब्रेक धरून सुरू करायचं आणि क्लच हळूहळू सोडत इंजिनाला वजन घेऊ द्यायचं. चढावर गाडी वळवायचा मोह मात्र कधीच नाही. आडवी झालेली गाडी लोळते.

हवेच्या दाबाचं : डांबरावर 32 पीएसआय, गोट्यांवर 20, फुफाट्यात 18. सकाळी थंड टायरवर मोजलेले 20 दुपारी 23 दाखवतात. ते बघून हवा काढणारे महाभाग आमच्यातही निघाले, संध्याकाळी त्यांचे टायर चपटे. मोजायचं सकाळीच. पुन्हा डांबराला लागलो की आधी फोर-व्हील ड्राइव्हमधूनच बाहेर, टू-व्हीलवर, कारण आपल्या या पार्ट-टाइम प्रकारात पुढचा-मागचा आस एकत्र बांधलेला असतो आणि पकड असलेल्या रस्त्यावर वळताना सगळा पीळ गिअर आणि शाफ्टवर येतो.

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. बीएस-6 डिझेलमधला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, दिवसभर फोर-लोमध्ये कमी वेगानं चाललं की काजळीनं भरत जातो आणि मग स्वतःला जाळून साफ करायला घेतो. तेव्हा सायलेन्सरचं तापमान कितीतरी वर चढतं. खाली सागाची वाळलेली पानं पापडासारखी कुरकुरीत. माझ्या गाडीत तो दिवा लागला तेव्हा आप्पांनी ताफा थांबवला आणि मला मोकळ्या खडकावर जाऊन उभं राहायला लावलं, प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत इंजिन चालू. पेट्रोल जिम्नीवाले चहा पीत हसत होते. पण एरवीही पानांवर गाडी उभी करूच नका, वणवा लागायला तेवढं पुरतं.

धडगावच्या अलीकडे भोंगऱ्या बाजाराची गर्दी लागली. होळीच्या आधीचे हे बाजार, ढोल खांद्याला लावून पाड्यांमधून माणसं चालत येत होती. वाट त्यांची, आम्ही बाजूला. तेवढ्यात मागून टपापर्यंत भरलेली एक जुनी जीप आली. ड्रायव्हरनं आमच्या रिकव्हरी बोर्डांकडे, शॅकलकडे, छतावरच्या दिव्यांकडे एकदा बघितलं, हॉर्न दिला आणि ज्या दगडी पट्ट्यावरून आम्ही तासभर खल करत उतरलो होतो तसल्याच एकावरून सरळ निघून गेला. गाडीत टू-व्हील ड्राइव्ह. आप्पा म्हणाले, ‘तो दररोज उतरतो, तुम्ही सुट्टीत उतरता.’ काठी गावच्या होळीला दुसऱ्या आठवड्यात जायचा विचार काहींनी मांडला होता, पण त्या रात्री मोलगीच्या रस्त्यावर हजारो माणसं असतात, तिथे ताफा घेऊन जाणं मला तरी बरोबर वाटत नाही. जायचं तर बसनं जावं.

जेवणाचं फार लिहीत नाही, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी होती, एवढं सांगितलं की खानदेशी वाचकाला पुरे.

हिशेबाला एवढंच : मागच्या डाव्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर दगडाची रेघ उमटली आहे, दोऱ्यापर्यंत गेलेली नाही. मागच्या शॉकअॅब्सॉर्बरचं बुश कुरकुरतंय, ते बदलणार. मड टेरेन, म्हणजे चिखलाचे, टायर घ्यावेत का हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला. फाल्गुनातला सातपुडा म्हणजे दगड आणि धूळ, त्याला ऑल टेरेन भरपूर झाले. आषाढात तापीकाठच्या काळ्या मातीत शिरायचं ठरलं तर तेव्हा मित्राकडून उसने आणीन, त्याचे तसेही अंगणात पडून आहेत.