तुम्ही विचारलंत म्हणून: धुऊन खातोच की, मग सेंद्रिय कशाला?

भाजीचा ठेला मांडला की नागपुरात हा प्रश्न ठरलेला. "मिठाच्या पाण्यात धुतोच की आम्ही, मग एवढे पैसे कशाचे?" तराजू हातात असताना अर्धवटच उत्तर दिलं जातं. आज पूर्ण देतो.

धुतल्यानं माती जाते, वर बसलेलं औषधही काही प्रमाणात जातं. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध पानाच्या आत असतं. ते नळाखाली निघत नाही. पण सेंद्रिय पालकात जीवनसत्त्वं जास्त, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. स्थानिक म्हणजे चांगलंच, असंही नाही. नागनदीच्या सांडपाण्यावर वाढलेला पालकही स्थानिकच.

फायदा आधी फवारणाऱ्याचा आहे. 2017 आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, म्हणून नोझल वर धरायचं आणि तुषार तोंडावर घ्यायचे. कीड आटोपेना म्हणून दोन-तीन औषधं एकाच पंपात. वरून दमट उकाडा. प्रोफेनोफॉससारखं औषध ओल्या कपड्यातून कातडीत शिरतं. मळमळ, धूसर दिसणं, मग श्वास अडकणं. हातमोजे, मास्क घाला म्हणणं सोपं. त्या उकाड्यात घालून फवारून बघा. "तो कापूस होता, भाजी नाही," म्हणाल. अहो, कपाशीवरचा पंपच धुऱ्यावरच्या वांग्यांवर जातो, पाठही तीच.

त्याऐवजी आम्ही काय मारतो? निंबोळी अर्क. जून-जुलैत पडलेली निंबोळी वेचून सावलीत वाळवायची. बुरशी चढली तर फेकायची. 5 किलो भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून पिळायची, नाहीतर नोझल चोंदतं. 200 ग्रॅम साबण घालून 100 लिटर करायचं आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर मारायचं, कडक उन्हात अर्काचा जोर जातो. लहान अळीवर चालतं. वांग्यात शिरलेल्या अळीवर काहीच चालत नाही. किडका शेंडा खुडायचा, किडकं वांगं तोडून पुरायचं, तेही दर तीन-चार दिवसांनी. भावातला फरक बहुतेक या मजुरीचा.

आणि तो भाव त्या फवारणाऱ्या मजुराच्या घराला परवडत नाही. हे तुम्ही विचारत नाही, पण विचाराल तर माझ्याकडे उत्तर नाही.