बटण दबलंच नव्हतं

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, शेजारी भाचा मोबाईलवर गेम खेळत होता आणि एकदम किंचाळला, "मामा लॅग झाला यार, मी मारलेलं त्याला!" झोप उडाली ती उडालीच, पण हसूही आलं. लॅग म्हणजे आपण दाबलेलं गेमला उशिरा कळणं, आमच्या वेळी यालाच "बटण दबलंच नाही" म्हणायचे.

टीव्हीला जोडायचा तो गेम, कॅसेटवर आकडा लाखांत आणि आत फिरून फिरून तेच पाच-सहा गेम. मारिओ उडी मारायला लागला की रिमोटसकट माझे हात वर, मागे आजी तांदूळ निवडत बसलेली असायची, तिचीही मान वर. मारिओत (1985 चा तो) बटण जास्त वेळ दाबलं की उडी उंच जाते, हवेतसुद्धा थोडं मागेपुढे होता येतं, म्हणजे खड्ड्यात पडला तर चूक आपलीच. आणि आपलीच चूक असली की राग येत नाही, परत खेळावंसं वाटतं, का ते माहीत नाही. वर्षभरानंतरच्या कॅसलव्हेनियात मात्र एकदा उडी मारली की मारली, हवेत विचार बदलायची सोय नाही. उलट 2018 च्या सेलेस्टमध्ये कड्यावरून पाय सुटला तरी पुढच्या काही फ्रेम, म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत, गुपचूप उडी मारू देतात. एवढं तर घरचेपण सांभाळून घेत नाहीत.

मग एसटी स्टँडमागचं व्हिडिओ गेम पार्लर, तिथे मुस्तफा. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, पण ते कोणाच्या तोंडात बसणार, पिवळ्या टोपीवाला मुस्तफा तो मुस्तफा! हा गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या मारामारीत फटका बसला की चित्र निमिषभर थबकतं, आणि त्या थबकण्यामुळेच तो आपल्या मुठीला जाणवतो. ते नसलं की गादीवर बुक्क्या मारल्यासारखं वाटतं. तिथे दोन्ही बटणं एकदम दाबली की सगळे गुंड उडायचे पण आपलीही लाईफ कमी व्हायची, तरी मी तेच दाबायचो.

पण खरा छळ कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेमचा. एक गोळी लागली की एक लाईफ खलास, तेही चालेल हो, पण तो धबधबा चढायचा टप्पा! दोघं खेळताना वरचा भराभर चढला की स्क्रीन त्याच्यासोबत वर आणि खालचा फुकटात मरतो. वरचा नेहमी दादा. "थांब ना रे" म्हणेपर्यंत माझी लाईफ गेलेली, कष्टाने मिळवलेली एस गन (गोळ्या पसरून मारणारी) गेलेली, आणि यात माझी चूक काय ते मला आजवर कळलेलं नाही.

त्याच संध्याकाळी दादाला फोन करून विचारलं, आठवतंय का. म्हणाला, छे, तसलं काही नव्हतं, तूच हळू चढायचास.