दाराची खालची कड

"खालून कोण बघतंय, साहेब?" बाथरूमचं दार बसवताना सुतार आज म्हणाला. दोन्ही बाजूंना झकास लॅमिनेट आणि खालची कड कोरीच.

पाणी नेमकं तिथूनच शिरतं! दार फरशीला घासतं म्हणून खालून रंधा मारतात, उघडं पडलेलं लाकूड पाणी ओढतं. मग पावसाळ्यात दार फुगतं, तळाशी पापुद्रे सुटतात, कडी लागत नाही. प्रायमर आणि वर ऑइल पेंटचे दोन हात द्यायचे, तेही बिजागऱ्या लावण्याआधी, दार आडवं असतानाच. एकदा टांगलं की तिथे ब्रश पोचत नाही.

लॅमिनेट एकाच बाजूला आणि दुसरीकडे नुसता रंग, असंही करू नका. ताण असमान पडून दाराला बाक येतो.

बाथरूमला मी तरी डब्ल्यूपीसीच (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं दार) सुचवेन, पाण्याने फुगत नाही. लाकडी फ्लश डोअर, म्हणजे आत लाकडाचा गाभा आणि वर प्लायचे थर असलेलं सपाट दार, घेणार असाल तर आयएस २२०२ या भारतीय मानकाचा शिक्का पाहा. मुख्य दाराला जाडी ३० नको, ३५ मिमी घ्या, कुलूप नीट बसतं.

दुकानात शेडकार्ड लगेच पुढे येतं. आतला गाभा कापून ठेवलेला नमुना आपण का मागत नाही?