तुम्ही विचारलंत म्हणून: आधी पोट की आधी पाणी?

मी रसायनशास्त्र शिकवत होतो तेव्हापासून आजतागायत यावल-रावेरकडच्या गावांत एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: तेल सांडल्यावर मासेमारी आणि पाणी उपसणे बंद करतात, तेव्हा आधी माणसाचे पोट पाहायचे की पाण्यातले जीव? माझे उत्तर असे की पाण्याला सावरायला वेळ द्यावा, आणि त्या काळात बुडणारी रोजी तेल सांडणाऱ्याकडून तत्काळ भरून घ्यावी. ही दोन्ही कामे एकाच दिवशी सुरू झाली नाहीत, तर पहिले काम टिकत नाही.

वेळ देणे म्हणजे काय, हे अलास्काच्या किनाऱ्यावर दिसले. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ हे जहाज खडकावर आदळून सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले. किनारा लवकर स्वच्छ दिसावा म्हणून तेथील खडकांवर प्रचंड दाबाने गरम पाण्याचे फवारे मारले गेले. त्याने तेल निघाले, पण तेलातून वाचलेले शिंपले आणि शेवाळही मेले. तुलनेसाठी काही पट्टे मुद्दाम न धुता ठेवले होते, आणि तेथील जीवसृष्टी धुतलेल्या पट्ट्यांपेक्षा लवकर सावरू लागली. फ्रान्समध्ये १९७८ च्या ‘अमोको काडिझ’ गळतीनंतर ज्या खाजणातली माती यंत्रांनी खरवडून काढली, तेही असेच मागे राहिले. तरंगणारे तेल तातडीने उचललेच पाहिजे. उरलेल्या अंशाचे विघटन सूक्ष्मजीव करतात, आणि त्यांना आपली घाई मानवत नाही.

परंतु ज्याच्या घरी रोजच्या मासळीवर चूल पेटते, त्याने हे कशाच्या बळावर ऐकावे? अलास्कातील मच्छीमारांना १९९४ मध्ये ज्यूरीने ५ अब्ज डॉलरची दंडात्मक भरपाई मंजूर केली. तो खटला २००८ पर्यंत चालला आणि अखेरीस ती रक्कम सुमारे ५० कोटी डॉलरवर आली. मधल्या काळात हेरिंग माशांची मासेमारीही कोसळली होती. आपल्याकडे २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल कांदळवनांत शिरले, तेव्हाही कोळ्यांच्या होड्या किनाऱ्याला लागून राहिल्या. बंदी पाळणाऱ्याला उपाशी ठेवणारी बंदी मला अन्यायाची वाटते, मग तिचे कारण कितीही शास्त्रीय असो.

समुद्र दूर असला तरी हा प्रश्न खानदेशाचाही आहे. मुंबई-आग्रा महामार्ग सावळद्याला तापी ओलांडतो, सुरत-नागपूर महामार्ग बांभोरीला गिरणा ओलांडतो, आणि या दोन्ही रस्त्यांवरून इंधनाचे टँकर रात्रंदिवस धावतात. एखादा टँकर पुलाजवळ उलटला, तर डिझेल वाळूत मुरते आणि काठच्या विहिरींपर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी साबणाचे द्रावण ओतून पाणी ‘साफ’ करू नये, कारण तेल त्याने नाहीसे होत नाही, पाण्यात अधिक मिसळते. आडवे बांध घालून ते अडवावे, पृष्ठभागावरून काढून घ्यावे आणि विहिरींचे पाणी तपासूनच केळीला सोडावे. भोपाळनंतर झालेल्या १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने घातक पदार्थ हाताळणाऱ्यावर, दोष कोणाचा हे न पाहता, मदतीची जबाबदारी टाकली. मात्र मूळ कायद्यात मालमत्तेच्या नुकसानीसाठी कमाल ६,००० रुपयेच होते. एवढ्यात केळीचा एक हंगाम भागत नाही.

म्हणून गावांनी पंचनाम्याच्या वेळीच आग्रह धरावा, असे मी सांगतो: तापीत जाळे टाकणारे, काठावर गुरे पाजणारे आणि त्या विहिरींवर शेती करणारे या सर्वांची नावे त्यात यावीत, आणि पाणी वापरण्यास मनाई करणाऱ्या आदेशातच पहिल्या मदतीची तारीख लिहिलेली असावी.