मिसरीची डबी आणि पोटातलं बाळ

गरोदर बाईला "काही नशा करता का?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: नाही. आणि ती खोटं बोलत नसते. आपल्या खान्देशात नशा म्हणजे दारू, गांजा, फार तर गुटख्याची पुडी. मिसरी ही दात घासायची वस्तू. म्हणून प्रश्न असा विचारावा: "दिवसातून मिसरी किती वेळा लावता? लावून किती वेळ बसता?" मग हिशोब निघतो. उठल्या उठल्या, चहानंतर, कापूस वेचताना बांधावर, दुपारच्या भाकरीनंतर, रात्री निजताना. पाच-सहा वेळा सहज भरतात.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. भाजली की तिच्यातलं विष जळून जातं, असं म्हाताऱ्या बाया सांगतात. तसं होत नाही. निकोटिन उरतंच, शिवाय जळताना कर्करोग करणारी आणखी द्रव्यं तयार होतात. घरी मिसरी भाजत असतील तर गरोदर बाईने त्या धुरात बसूच नये.

हिरडीवाटे निकोटिन सरळ रक्तात जातं. तंबाखूला चुना लावला तर आणखी वेगाने, कारण चुन्यामुळे ते तोंडाच्या आतल्या कातडीतून सहज शोषलं जातं. पुढे वार, म्हणजे गर्भाशयातला नाळेने बाळाला जोडलेला भाग, त्याला अडवत नाही. गर्भाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही थोडं जास्त भरतं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे जाणारं रक्त कमी होतं आणि त्यासोबत बाळाचं अन्न आणि प्राणवायूही. त्यात मिसरीने भूक मरते. शेतात बाया ती लावतात त्याचं हेही एक कारण आहे, दुपार निभावते. पण आईची ती मेलेली भूक बाळाच्या वाट्यातून वजा होते.

किती वजा होते, हे मुंबईत १२१७ गरोदर बायांची नोंद ठेवून पाहिलं गेलं. २००४ साली ते निष्कर्ष छापून आले. तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये मिसरीवाल्याच जास्त होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि साधारण सहा दिवस आधी जन्मली. याच बायांच्या नोंदींवरून २००६ साली छापलेल्या निष्कर्षांत मेलेलं बाळ जन्मण्याचा धोकाही तंबाखूवाल्या बायांत सुमारे अडीच पट निघाला. १०५ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. तीन किलोच्या बाळाला ते पचेलही. पण आईचं हिमोग्लोबिन आधीच आठ-नऊ असेल आणि बाळ जेमतेम अडीच किलोचं होणार असेल, तर तेवढ्याने ते कमी वजनाच्या बाळांत जाऊन बसतं. मग अंग गार पडणं, दूध ओढायला ताकद नसणं, जंतुसंसर्ग हे सगळं मागे लागतं.

आता सोडायचं कसं. "सोडून द्या" म्हटल्याने कुणी सोडत नाही. "मिसरी लावाबिगर पोट साफ नही व्हत" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि त्यात तथ्य आहे, निकोटिनने आतडी हलतात. गंमत नाही ही, मोठा अडथळा आहे. चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची गोळी सुरू होते, तिने शौचाला कडक होतं आणि मिसरी एका वेळेने वाढते. म्हणून आधी पोटाची सोय करावी: उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, दिवसभरात आठ-दहा पेले, जेवणात पालेभाजी, सोबत पेरू. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने घ्यावी, चहासोबत कधीच नाही. तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांना सांगावं, गोळी मनाने बंद करू नये.

दात कडुनिंबाच्या काडीने किंवा पेस्टने घासावेत. दंतमंजन घेताना पुडीवरचं बारीक वाचावं, आणि "गुल" ही तंबाखूच आहे हे लक्षात ठेवावं. तल्लफ चार-पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरती तोंडात बडीशेप किंवा लवंग धरावी. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप मोडते. घरच्यांना हे आधी सांगून ठेवावं, म्हणजे सासूबाईच "घे व माय, जरासी लाव" म्हणणार नाहीत. १८००-११-२३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी फुकट सल्ला मिळतो. निकोटिनचं च्युइंगम मात्र गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मोहाच्या दारूबद्दल थोडक्यात: होळी असो की लग्न, गरोदरपणी सुरक्षित असा एकही घोट ठरलेला नाही. दारू वारेतून जाते आणि बाळाचं यकृत तिला हाताळू शकत नाही. नुकसान मेंदूचं होतं आणि ते शाळेत गेल्यावर दिसतं.

किराणा दुकानात सुटी मिळणारी अंगदुखीची गोळी हीसुद्धा यातच धरावी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन पाचव्या महिन्यानंतर घेतल्यास गर्भजल कमी होऊ शकतं. पुढच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. कंबर दुखली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल किंवा अफूची सवय असेल तर उलट सांगावं लागतं: एकदम बंद करू नका, त्याने बाळाला इजा होते. दवाखान्यात सांगून डॉक्टरांच्या देखरेखीत उतरवा. अशा आईचं बाळ जन्मानंतर एक ते तीन दिवसांत थरथरतं, चिरक्या आवाजात रडतं, शिंकतं, पातळ शी करतं, दूध धरत नाही. ही नजर नाही, औषध तुटल्याची लक्षणं आहेत. अंधाऱ्या शांत खोलीत ते बाळ छातीशी धरावं, थोडं थोडं दूध पाजावं आणि विशेष नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयात न्यावं.

बाळंतपणानंतर मिसरी परत सुरू होते ती बहुधा माहेरी, सव्वा महिन्याच्या आत. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. बाळाच्या वजनासोबत मिसरीही विचारावी. सुरू झाली असली तरी अंगावरचं दूध तोडू नये. निकोटिन दुधात उतरतं, नवजात बाळाच्या शरीरात ते मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतं, पण पावडरच्या दुधाने आणि मळक्या बाटलीने होणारं नुकसान त्याहून मोठं. आधी बाळाला पाजावं, मिसरी लावलीच तर त्यानंतर, मग चूळ भरून हात साबणाने धुवावेत, आणि पुढचं पाजणं जमेल तितकं, दोन तासांपर्यंत, लांबवावं. डबी बाळाच्या उशाशी ठेवू नये. रांगायला लागलेली मुलं ती उघडून तोंडात घालतात.